दुसरा रकाना

२ फेब्रुवारी

आज घरात आलेलं: उभं राहून वजन करायचा काटा, नऊशे चाळीस. रक्तदाबाचं यंत्र पट्ट्यासकट, अठराशे. बोटाला लावायची नाडीची चिमटी, सहाशे पन्नास (साडेसातशे सांगत होता). मोजमापं लिहायला जाड पुठ्ठ्याची वेगळी वही, नव्वद. आणि मुलगा, सोळा दिवसांनी. इस्पितळाच्या बिलांची फाईल वेगळी ठेवली आहे. ती रक्कम इथे लिहायला हात धजत नाही.

पुढेमागे वाचताना घोळ नको म्हणून हकिकत लिहून ठेवते. मुलगा बेटावरच्या हवामान केंद्रात नोकरीला आहे. जानेवारीत रजेवर आला आणि तापाने पडला. चार दिवसांनी मलाही आला, तीन दिवसांत गेला. त्याचा उतरला, पण पुढच्या आठवड्यात छातीत दुखायला लागलं. सव्वीस वर्षांच्या मुलाच्या छातीत! तापाचा विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इको केला. छातीवर गार मलम लावून एक दांडी फिरवतात आणि हृदय पडद्यावर हलताना दिसतं. एका ठोक्यात हृदय किती रक्त पुढे ढकलतं त्याचे शंभरात गुण देतात. पंचावन्न तरी हवेत. त्याला अडतीस मिळाले. मला मॅट्रिकला गणितात एवढेच होते, पण तेव्हा पास झाले होते.

आता तीन महिने घरी. धावपळ नाही, ओझं नाही, मीठ नाही. रोज सकाळी वजन, नाडी, रक्तदाब लिहायचा. किती उशा घेऊन झोप लागते आणि चढताना धाप लागते का, तेही. मग पुन्हा फोटो काढून बघणार, हृदय सावरलं की नाही. त्यावर नोकरी.

३ फेब्रुवारी

सात वाजता पहिलं मोजमाप. त्याचं झालं, मी वही मिटणार तोच म्हणाला, "थांब. आता तू चढ."

"मी कशाला? मला काय धाड भरली आहे?"

"यंत्र खरं बोलतंय हे कसं कळणार? आमच्याकडे एका तापमापकावर भरवसा ठेवत नाहीत. शेजारी दुसरा असतो. त्याला चेक रीडिंग म्हणतात. तू माझं चेक रीडिंग."

"म्हणजे मी धडधाकट म्हणून?"

"म्हणजे तू कधी बदलत नाहीस म्हणून."

कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. पानाच्या मधोमध रेघ मारली. पहिला रकाना त्याचा, दुसरा माझा. त्याचं वजन ६१.२, नाडी ८४, उशा तीन. माझं ५४.६, नाडी ८८, उशी एक.

नाडी चिमटीने सांगितली तरी त्याने हातानेही मोजली. "चिमटीलाही चेक नको का?" म्हणाला. माझं मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. माझं मनगट कुणी धरून किती वर्षं झाली, ते त्या मिनिटात आठवून पाहिलं. हे गेल्याला नऊ. आणि हे होते तेव्हाही, मनगट धरायचं कारण त्यांना फारसं पडत नसे.

५ फेब्रुवारी

देवापुढे बसले, जपाच्या दोन माळा झाल्या. एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, इथे लिहिते. १८ जानेवारीला इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी देवाला म्हटलं, ह्याच्या हृदयातलं दुखणं काढ आणि माझ्या हृदयात घाल. तू मोजून देशील तेवढं घेईन, तक्रार करणार नाही. मागण्याची मला सवय नाही. एकदाच मागितलं.

१२ फेब्रुवारी

तो दिवसभर खिडकीशी बसतो आणि ढगांकडे बघतो. विचारलं तर "हं." जेवण कसं झालं? "हं." चादर बदलू? "हं." मी भिंतीशी बोलले तर निदान प्रतिध्वनी तरी येईल.

फक्त सकाळची दहा मिनिटं बोलतो. काट्यावर, यंत्रावर, बेटावरच्या वाऱ्यावर. बेटावर हे दोघेच निरीक्षक, तीन-तीन तासांनी आकडे लिहायचे. दर गुरुवारी लाँच येते, टपाल आणि सामान उतरवते, तासभर थांबते, जाते. फोन लागत नाही, वायरलेस कामापुरतं. "करमतं का रे?" विचारलं. म्हणाला, "तिथे कुणी 'करमतं का' विचारत नाही, हे बरं आहे."

असो. सात वाजायच्या आधीच मी वही काढून बसते.

२१ फेब्रुवारी

फडताळात खारवलेल्या भाज्यांच्या सहा बरण्या आहेत, तो येणार म्हणून भरलेल्या. त्याला मीठ बंद. टाकायला जीव होत नाही. मीच रोज थोडं थोडं संपवते आहे. दोन संपल्या.

त्याला आता एका उशीवर झोप लागते. डॉक्टरीणबाईंना हे ऐकून फार आनंद झाला. उरलेल्या दोन उशा कपाटात टाकणार होते, पण आडवं झालं की मला खोकला येतो, धुळीचा असेल. एक घेतली. वापरात तरी राहील.

९ मार्च

त्याचं: ६२.०, नाडी ७६. माझं: ५६.९, नाडी ९६. उशा दोन.

तो म्हणाला, "दोन रीडिंगांतली तफावत वाढत चालली की समजायचं, एक यंत्र बिघडलंय."

"मग कुठलं?"

माझ्याकडे पाहून हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा दात दिसले. "आई, तू बिघडलीस."

"पन्नाशी उलटली, बिघडायचा हक्क आहे मला." दोघंही हसलो. मला हसता हसता धाप लागली, म्हणून जरा खाली बसले. छान गेली सकाळ.

२४ मार्च

काट्यावर माझा विश्वास उरला नाही. जेवण पूर्वीपेक्षा कमी, आणि वजन ५८.३! काटा पिशवीत घालून दुकानात घेऊन गेले. वाटेत तीनदा टेकावं लागलं, जड आहे. दुकानदाराने वीस किलोचं वजन ठेवलं, वीस. आणखी वीस ठेवलं, चाळीस. म्हणाला, "काकू, काट्याला दोष देणारं तुम्ही आजचं तिसरं गिऱ्हाईक."

काटा खरा म्हणजे माझाच आळस. आजारी माणसाच्या नावाखाली मीही बसून राहते. रात्रीचं जेवण बंद केलं. तसंही चार घासांत पोट गच्च होतं. बरण्या मात्र संपवायला हव्यात, दीड उरली आहे.

६ एप्रिल

तळमजल्यावर एक म्हातारी राहते. चाळीस वर्षं सुईण होती, सगळे सुईणबाईच म्हणतात. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं माप काढते. आज मी जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबले होते, तर खालून ओरडली, "अगं ए, पाय बघू तुझे!"

"काय झालंय पायांना?"

"वहाणेचे बंद रुतलेत. एवढी सूज मी नवव्या महिन्याच्या बायकांना पाहिलीये. तुला दिवस गेलेत का?"

"काहीतरीच बोलता! उन्हाने सुजतात."

"ऊन तुलाच एकटीला लागतं वाटतं. डॉक्टरकडे जातेस ना मुलाला घेऊन? तिथे स्वतःचे पाय पण घेऊन जा."

वर येऊन पाहिलं. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. लांब साडी नेसले की दिसत नाही.

२३ एप्रिल

आज त्याची तपासणी. मला वही न्यायची होती, पण तो म्हणाला, रजिस्टर नेत नाहीत. रात्री बसून त्याने स्वच्छ कागदावर तक्ता उतरवला, फक्त स्वतःच्या रकान्याचा. "चेक रीडिंग पुढे पाठवत नाहीत. ती रजिस्टरमध्येच राहतात." त्याच्या कामाची रीत तशी असेल. मला जरा लागलं. रोज पहाटे उठून काट्यावर मीही उभी राहते.

इकोच्या खोलीत मला कोपऱ्यात उभं राहू दिलं. काळ्या पडद्यावर राखाडी मूठ उघडते, मिटते. जानेवारीत ती अर्धवट मिटून सोडून द्यायची, पेंगणाऱ्या माणसाच्या हातासारखी. आज घट्ट मिटत होती. मी पदर तोंडावर धरला. इकोवाला म्हणाला, "मावशी, रडू नका, चांगलं आहे. अठ्ठावन्न."

मग एमआरआय. त्यात जास्त खोलवर दिसतं, सूज कुठे, वण कुठे. मी बाहेर बाकावर. भिंतीपलीकडून ठोकण्याचे आवाज येत होते, कुणी बंद दारावर थापा मारत बसावं तसे. मी जप करत होते, मणी चुकत होते.

२७ एप्रिल

सूज गेली! बाहेरच्या बाजूला एक बारीकसा वण आहे, तो राहणार, पण त्रास द्यायचा नाही. बसून आकडे लिहायला जाऊ शकतो, ओझं उचलायचं नाही, अजून तीन महिने.

देवाने ऐकलं. आणि त्याने बदल्यात काही मागितलंही नाही.

तो घरी आल्या आल्या बॅग काढून बसला. मी म्हटलं, "तुझी लाँच दोन आठवड्यांनंतरची ना?" म्हणाला, "हो, बॅग साफ करतोय." पंधरा दिवस बॅग साफ करायला लागत नाहीत.

१० मे

गेला. धक्क्यापर्यंत सोडायला गेले नाही. चव्वेचाळीस पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या होत्या. त्याला सांगितलं, घरात काम आहे. दारात वाकला. मी डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "वही चालू ठेव हं. मी नसलो तरी चेक रीडिंग पाहिजे."

जिन्यावरून त्याची पावलं एकसारखी गेली, कुठे थांबली नाहीत. शेवटच्या पायरीपर्यंत मोजली.

१७ मे

सकाळी सातला वही काढली. पहिला रकाना रिकामा. दुसऱ्यात माझं लिहिलं. ६०.४, नाडी १०४, उशा तीन.

स्वतःचं मनगट स्वतः धरून मोजायला गेले. जमत नाही. कुठल्या हाताची नाडी आणि कुठल्या बोटांची, यात घोटाळा होतो. चिमटीनेच पाहिलं.

दिवसभरात कुणाशी बोलले ते आठवून पाहिलं. दूधवाल्याला "अर्धाच" म्हणाले. बस.

२९ मे

पत्र आलं! पोस्टमनला वर यायचा कंटाळा, खालून हाक मारली. उतरले. वर येताना दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा तिथेच फोडून वाचलं.

साडेसहा ओळी. वारा नैऋत्येचा आहे. जोडीदार घोरतो. एका उशीवर झोप लागते. 'तुझं चेक रीडिंग काय म्हणतंय? अजून बिघडलेलीच का?'

उत्तर लिहिलं: सर्व क्षेम. यंत्र ठीक.

५ जून

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, मुलाची मूळ वही त्यांना हवी आहे, अशा रोग्यांची माहिती त्या गोळा करतात. म्हटलं, चला, वही तरी कुणाच्या उपयोगी पडतेय. रिक्षा केली. बसने जायला हवं होतं, पण थांब्यापर्यंत चालवेना.

त्या पानं उलटत गेल्या. "किती सुंदर ठेवलंय तुम्ही. एक दिवस चुकला नाही." मला बरं वाटलं. मग पानावर बोट ठेवून थांबल्या. पुन्हा पहिल्या पानावर गेल्या, पुन्हा शेवटच्या.

"हा दुसरा रकाना कोणाचा?"

"तो काही नाही. चेक रीडिंगचा. यंत्र बरोबर आहे की नाही बघायला."

"कोणाचा?"

"माझाच."

त्यांनी वही मिटली नाही. खुर्ची सरकवून माझ्यासमोर खाली उकिडव्या बसल्या, एवढ्या शिकलेल्या बाई, आणि साडीचा काठ वर करून माझा पाय दाबून पाहिला. "तुम्हालाही ताप आला होता ना तेव्हा?"

"तीन दिवस. साधाच होता."

इकोवाल्याने ओळखलं. "मावशी, आज तुमची पाळी?" मग दांडी छातीला लागली. मी मान वळवून पाहिलं. राखाडी मूठ होती, मोठी, सैल. मिटायला निघायची आणि अर्ध्यातच सोडून द्यायची. मला ती ओळखीची वाटली. जानेवारीत त्याची अशीच होती.

बत्तीस. तीन गुणांनी नापास.

"आजच दाखल व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगात पाणी साचलंय, आधी ते काढायचं. मग एमआरआय. मुलाला झालं तेच तुम्हाला झालं असणार, आणि चार महिने तुम्ही त्यावर जिने चढताय. घरी कोण आहे?"

"आहेत ना."

"कोण?"

"आहेत." उद्या येते म्हणून सांगून निघाले. गोळ्यांची पुडी दिली, आज रात्रीपासून घ्या म्हणाल्या.

६ जून

गेले नाही. गोळ्याही घेतल्या नाहीत.

काल घरी येऊन देवापुढे बसले तेव्हा सगळं लख्ख कळलं. मी मागितलं होतं, त्याने दिलं. जितकं त्याचं उतरलं तितकं माझं चढलं, वहीत दोन रकान्यांत शेजारी शेजारी लिहिलेलं आहे, मला तेवढं वाचता आलं नाही. अडतीसचे अठ्ठावन्न कुठून आले? माझ्यातून गेले.

भीती वाटली नाही. उलट, खरं लिहायचं तर, अंगावर काटा आला आनंदाने. इतक्या वर्षांत त्याने माझं एक तरी शब्दशः ऐकलं.

पण मग गोळी कशी घेऊ? मी बरी झाले आणि हे परत त्याच्याकडे गेलं तर? तो बेटावर, लाँच गुरुवारी. शब्द दिला होता, तक्रार करणार नाही म्हणून. इस्पितळात जाणं म्हणजे तक्रारच की.

८ जून

सकाळी दारावर थाप. सुईणबाई! चौकटीला धरून उभी, तोंड लाल. "पाणी दे आधी. चव्वेचाळीस पायऱ्या आणि हे असले गुडघे. आता मी बोलणार आणि तू ऐकणार."

इस्पितळातून तिच्याकडे फोन आला होता. फॉर्मवर 'जवळचं माणूस' म्हणून मी तिचा नंबर लिहिला होता, दुसरा कुणाचा लिहिणार? "दोन दिवस झाले, दाखल का होत नाहीस?"

काही न सांगायचं ठरवलं होतं. पण तिने ओट्यावर न उघडलेली पुडी पाहिली, आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. ते बाक, ते मागणं, दोन रकाने. बोलता बोलता तीनदा थांबावं लागलं.

मला वाटलं ती हसेल. हसली नाही. म्हणाली, "देव काय गहाणवटीचा सावकार आहे का? आईचं दुखणं ठेवून घेतो, मुलाचं सोडतो, असं करायला?"

"तुम्ही देवावर असं बोलू नका."

"बरं, नाही बोलत. तारीख सांग."

"कसली?"

"माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी पहिलं तारीखच विचारायचे. त्या लाख सांगायच्या, सासूने दृष्ट लावली, अमकं खाल्लं. मी म्हणायचे, ते राहू दे, तारीख सांग. मागितलंस कधी?"

"अठरा जानेवारी."

"आणि धाप पहिल्यांदा कधी लागली?"

आठवेना. पण माझ्या घरात आठवावं लागत नाही. जानेवारीची जमाखर्चाची वही काढली. पंधरा तारखेला लिहिलेलं आहे: 'भाजीची पिशवी वर पोचवायला हमाल, वीस. (दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. छाती भरून आली.)' हमालाला वीस देण्याची माझी पद्धत नाही, म्हणूनच कंसात कारण लिहिलं असणार.

पंधरा. मागितलं अठराला. त्याच्या छातीत दुखलं तेही सतराला, म्हणजे माझं त्याच्याही दोन दिवस आधी.

तीनदा वाचलं. शाई माझी, अक्षर माझं.

"झालं?" सुईणबाई म्हणाली. "आधीच घरात आलेलं होतं. त्याने नवीन काही पाठवलं नाही, तुझं काही नेलंही नाही. दोघांना एकच ताप आला. चल, कपडे भर."

ती गेल्यावर पिशवीत दोन साड्या भरल्या. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मुलाला धोका नाही, मी गोळी घेऊ शकते. पण दोन दिवस मला वाटत होतं की कुणीतरी माझं ऐकलं. आता तेही नाही. नुसता ताप होता.

देवाला नमस्कार केला. म्हटलं, रागावले नाही. तू ऐकलं नसशील, पण मीही तुझ्याशी सौदा करायला नको होता. गोळी पाण्याबरोबर घेतली.

१० जून, इस्पितळ

तीन दिवसांत साडेचार किलो पाणी गेलं, औषध शिरेतून देतात. रोज सकाळी सहाला नर्स वजन करते, वहीत लिहीत नाही, फळ्यावर लिहून पुसते. मी इथे लिहून ठेवते. तीन उशांवरून दोनवर आले.

समोरच्या खाटेवरच्या बाईला दुपारी सात माणसं भेटायला येतात. खुर्च्या कमी पडल्या की माझ्या खाटेजवळची नेतात. "घेऊ का, तुमचं कुणी यायचंय?" "न्या न्या."

१२ जून

एमआरआय. केसांच्या पिना, बांगड्या सगळं काढून घेतलं. माळेच्या गाठीत पितळेची कडी, तीही बाहेर. रिकाम्या हातांनी त्या बोगद्यात. कानांवर टोप्या, त्यातून आवाज येतो. "श्वास घ्या. सोडा. आता रोखा." मग ठोकण्याचा आवाज. "घ्या." पहिल्यांदा सातपर्यंत रोखता आला. आवाज म्हणाला, "काही हरकत नाही, पुन्हा करू. मी इथेच आहे."

पाऊण तास कुणीतरी फक्त माझ्याकडे लक्ष देऊन होतं. श्वास कधी घ्यायचा तेही सांगत होतं. शेवटी अकरापर्यंत रोखला. "शाब्बास," म्हणाला. बाहेर आल्यावर काचेआडच्या माणसाला शोधलं. तो पुढच्या रोग्याचा कागद वाचत होता.

१४ जून

डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं. शिरेतून एक औषध सोडलं होतं. निरोगी स्नायूतून ते निघून जातं, दुखावलेल्या जागी रेंगाळतं, तिथे पांढरं दिसतं. माझ्या हृदयाच्या बाहेरच्या कडेला एक पांढरी रेघ आहे, बोटाच्या नखाएवढी. तो वण. तो राहणार. बाकी सूज आहे, ती औषधांनी उतरू शकते. किती उतरेल ते तीन महिन्यांनी कळेल. तोवर जिना नाही, मीठ नाही, आणि एकटं राहायचं नाही.

"मुलाचं चित्र आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

त्यांनी शोधून शेजारी लावलं. पडद्यावर दोन हृदयं, डावीकडे त्याचं, उजवीकडे माझं. त्याचीही रेघ त्याच बाजूला, तेवढीच बारीक. पुष्कळ वेळ बघत राहिले. त्यांनी घाई केली नाही.

"घरी कोण आहे?" पुन्हा विचारलंच.

"कुणी नाही," म्हटलं. "मुलगा बेटावर असतो. त्याला मी काही कळवलेलं नाही."

१७ जून

सुईणबाईंनी त्यांची मागची खोली रिकामी केली आहे. भाडं घेणार नाही म्हणतात, "पण घोरलीस तर वर पाठवीन." तीन महिने तिथे.

काल नवीन वही मागवली, पंच्याण्णव, पाच वाढले. मधोमध रेघा मारल्या. मग मुलाला पत्र लिहिलं. आधी 'येऊ नकोस' असं लिहिलं होतं, ते खोडलं. 'ये' असंही लिहिलं नाही. चार कागद फुकट गेले. पाचव्याची नक्कल:

'चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात यंत्र ठीक आहे असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. तू म्हणाला होतास तफावत वाढली की एक यंत्र बिघडलंय समजायचं, आणि तू बरोबर सांगितलं होतंस, आपण दोघं हसलो. तुझ्या तापातला तोच विषाणू माझ्याही हृदयात गेला होता. बत्तीस आले आहेत. तुझ्यासारखाच वण आहे, त्याच जागी, मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. औषध चालू आहे, साडेसहा किलो पाणी उतरलं, आता दोन उशा. उद्यापासून सुईणबाईंकडे तळमजल्यावर राहते. त्या म्हणतात, "तुझ्या हवामानवाल्या पोराला सांग, आईचा अंदाज चुकला."

सोबत नवी वही पाठवते. आता पहिला रकाना माझा आहे, आजपर्यंतचं भरलं आहे. पण मला चेक रीडिंग नाही. मी एकटीच काट्यावर चढते आणि आकडा खरा की खोटा, विचारायला शेजारी कुणी नसतं. दुसरा रकाना रिकामा सोडला आहे. तिथे तुझं लिही. वजन, नाडी, उशा. नाडी चिमटीवर सोडू नकोस, जोडीदाराला सांग मनगट धरायला, पूर्ण एक मिनिट, घड्याळाकडे बघत. स्वतःचं स्वतःला नीट मोजता येत नाही, मी करून पाहिलं आहे.

वहीचं ओझं फार नाही, लाँचवाला घेईल. लाँच तासभर थांबते असं तू म्हणाला होतास. तेवढ्यात लिहून होईल. उलटटपाली कळव.

तुझी आई'